कपारीतले तिरपे पान आणि परक्याचे नाव

भाताची लावणी उरकली, नाचणी रोवून झाली, म्हणजे घाटातल्या माणसाला कंबर सरळ करून इकडेतिकडे पाहायला चार दिवस सवड मिळते. श्रावणाच्या त्या दिवसांत एखाद्या ओल्या दरडीजवळ जरा थांबावे. काळ्या कातळावर शेवाळाची गादी पसरलेली असते, कपारीतून पाणी झिरपत असते, आणि त्या शेवाळात वीतभर उंचीची नाजूक रोपे दाटीने उभी असतात. देठ लालसर आणि इतका पाणीदार, की उन्हाच्या तिरिपेत धरला तर काचेसारखा दिसतो. पाने पातळ, मऊ, फिकट हिरवी. वर फिकट गुलाबी फुलांचे तुरे. रस्त्याकडेची दरड, गडाच्या तटातील चिऱ्यांचा सांधा, जुन्या विहिरीची आतली बाजू, शेवाळलेला झाडाचा बुंधा, जेथे सावली व ओल आहे आणि पाणी मात्र साचत नाही, तेथे हे रोप सापडते. माथेरान, लोणावळा, खंडाळा या बाजूस पावसाळ्यात फिरणाऱ्याच्या नजरेस ते हमखास पडते.

याचे शास्त्रीय नाव बेगोनिया क्रेनाटा. शहरातल्या रोपवाटिकेत कुंडीत लावलेला झगमगीत पानांचा बेगोनिया पुष्कळ बायाबापड्यांनी पाहिलेला असेल. काहींनी पाहुण्यांकडून फांदी आणून डब्यात लावलाही असेल. तो बाहेरून आलेला. आपल्या दरडीवरचा मात्र येथलाच, सह्याद्रीतला. दोघांचे कूळ एक. आजच्या सदरात या कुळाची आणि त्याच्या नावाची हकिगत सांगायची आहे. नाव कोणी ठेवले, कोणाच्या नावावरून ठेवले, आणि आपल्या माणसांनी दिलेल्या नावांचे पुढे काय झाले, हे ऐकण्यासारखे आहे.

आठ महिने झोप, चार महिने संसार

हे रोप मेल्यासारखे दिसते पण मरत नाही. कपारीतल्या चिमूटभर मातीत त्याचा बारीकसा कंद असतो. उन्हाळ्यात तोच कातळ तव्यासारखा तापतो, शेवाळ वाळून काळे पडते, आणि तेथे काही जिवंत असेल असे वाटतही नाही. पण कंद आत झोपलेला असतो. मृगाचा पाऊस लागला, दगड पाझरू लागला, की तो जागा होतो. एकदोन पाने फेकतो, देठ चढवतो, श्रावण-भाद्रपदात फुलतो, आणि पाऊस सरता सरता बी सांडून पुन्हा झोपी जातो. आपल्या सुरणाचा आणि हळदीचा कारभार असाच असतो. वर्षाची कमाई चार महिन्यांत करायची आणि जमिनीखाली ठेव ठेवून गप्प बसायचे.

पान नीट पाहावे. बहुतेक झाडांचे पान मधल्या शिरेवर दुमडले तर दोन्ही अंगे एकमेकांवर बसतात. पिंपळाचे पान दुमडून पाहा, जास्वंदीचे पाहा. बेगोनियाचे तसे बसत नाही. एक अंग मोठे, एक लहान. देठाजवळ तर एक बाजू कानाच्या पाळीसारखी खाली ओघळलेली. काही जातींत हा तिरपेपणा इतका असतो की हत्तीचा कानच आठवावा. आपल्या कातळावरच्या जातीत तो बेताचाच, पण आहे. जगात बेगोनियाच्या २००० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे, आणि त्यांतल्या बहुतेकींची ही घराण्याची खूण आहे. अमेरिका, आफ्रिका आणि आशिया या तिन्ही खंडांच्या उष्ण व दमट भागांत हे कूळ पसरलेले आहे. ऑस्ट्रेलियात मात्र ते मूळचे नाही.

काकडी-भोपळ्याची चुलत बहीण

आता फूल. येथे शेतकऱ्याला ओळखीचे काही सापडेल. वेलावरच्या भोपळ्याला, काकडीला, दुधीला नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी येतात, हे आपल्या घरातल्या पोरालाही ठाऊक असते. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ अगोदरच लागलेले असते. नर फुलामागे नुसता देठ. बेगोनियाचेही तसेच. एकाच रोपावर दोन्ही. नर फुलात मध्यभागी पिवळ्या केसरांचा झुपका, आणि मादी फुलाच्या मागे तीन पंखांची छोटी हिरवी पेटी.

हे साम्य योगायोगाने आलेले नाही. वनस्पतींच्या डीएनएची तपासणी करून जेव्हा झाडाझाडांची नाती नव्याने लावली गेली, तेव्हा बेगोनियाचे कूळ आणि काकडी-भोपळ्याचे कूळ एकाच मोठ्या गणात बसले. म्हणजे दरडीवरचे हे नाजूक रोप आपल्या मांडवावरच्या दोडक्याची दूरची बहीण आहे. कोणी सांगितले असते तर हसण्यावारी नेले असते, पण फुलाने खूण आधीच दिली होती.

पुढची गंमत मधमाशीची आहे. भोपळ्याचे फूल माशीला मध देते. बेगोनियाच्या बहुतेक जाती मध देत नाहीत. नर फुलात माशीला पराग तरी मिळतो, तेवढ्यासाठी ती येते. मादी फुलात तिला काहीच मिळत नाही. मग तेथे ती जाते कशाला? तर मादी फुलाच्या मध्यभागी जे पिवळे, पिळदार अवयव असतात ते लांबून नर फुलाच्या केसरांसारखेच दिसतात. माशी फसते, क्षणभर टेकते, अंगावरचा पराग तेथे पडतो, आणि काही नाही असे पाहून ती उडून जाते. एवढ्या क्षणात बेगोनियाचे काम झालेले असते. बाजारात रिकामी पाटी भरलेल्या पाट्यांच्या ओळीत लावून ठेवावी, तसा हा प्रकार.

फळ वाळले की पेटी फुटते आणि बी बाहेर पडते. बी कसले, भुकटीच ती. एका ग्रॅममध्ये हजारो दाणे. वाऱ्याच्या झुळकीने, पावसाच्या थेंबाने ते उडतात आणि पडतील तेथे पडतात. एवढ्याशा दाण्यात शिदोरी नसते. ज्वारीचा दाणा कोंबाला आठवडाभर पोसतो. बेगोनियाच्या दाण्याला उगवल्याबरोबर स्वतःचे पाहावे लागते. म्हणून त्याला ओले शेवाळ लागते, सावली लागते, वर दाट गवत असून चालत नाही. ही जागा उभ्या कातळावरच मिळते. ती खरवडली, रस्त्यासाठी दरड तासली, तटाची सफाई म्हणून चिऱ्यांचे सांधे सिमेंटने लिंपले, म्हणजे पुढच्या वर्षी तेथे बेगोनिया दिसत नाही. आसपास माती कितीही असो, ती त्याच्या कामाची नाही.

आंबट रस

या कुळाचा आणखी एक विशेष म्हणजे रसाचा आंबटपणा. देठात ऑक्झॅलिक आम्ल असते. आपल्या आंबट चुक्यात आणि बांधावरच्या आंबुटीत आहे, तेच. नेपाळ-सिक्कीमकडे एका बेगोनियाच्या देठांचे लोणचे घालतात. पण येथे दोन शब्द सावधगिरीचे सांगितले पाहिजेत. हे आम्ल जास्त प्रमाणात पोटात जाणे बरे नाही. मूतखड्याचा त्रास असलेल्याने तर लांबच राहावे. शिवाय दरडीवर एकासारखी एक दिसणारी दहा रोपे असतात. लेखात वाचले म्हणून रानातले कोणतेही पान तोंडात घालू नये. जी भाजी घरातल्या जाणत्या बाईने ओळखून तोडली, तीच खावी.

नाव पडले कसे

आता नावाची कथा. ती सुरू होते वेस्ट इंडीज बेटांत. कॅरिबियन समुद्रातली ही बेटे सतराव्या शतकात युरोपच्या राजांनी वाटून घेतली होती. उसाचे मळे, साखरेचे कारखाने, आणि राबायला आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम, असा तेथला कारभार. फ्रान्सच्या ताब्यातल्या बेटांवर राजाचा मोठा अधिकारी म्हणून १६८२ ते १६८५ या काळात मिशेल बेगों नावाचा गृहस्थ होता. जन्म १६३८ चा. पुढे फ्रान्समध्ये रोशफोर या बंदराचा कारभार त्याच्याकडे आला आणि १७१० साली मरेपर्यंत तो तेथेच होता. पुस्तके, जुनी नाणी, चित्रे, वनस्पती गोळा करण्याचा त्याला नाद होता, आणि विद्वानांना तो हात देत असे.

त्याच्या शिफारशीने शार्ल प्लुमिए नावाच्या साधूला बेटांवर जाण्याची संधी मिळाली. हा ख्रिस्ती मठातला संन्यासी, पण झाडांचे वेड आणि हातात चित्रकला. १६८९ साली तो पहिल्यांदा गेला, पुढे आणखी गेला. तेथे त्याला तिरप्या पानांची, आंबट रसाची ही झाडे आढळली. या नव्या कुळाला काय म्हणावे? त्याने आपल्या आश्रयदात्याचे नाव दिले, बेगोनिया. १७०० च्या सुमारास ते छापील ग्रंथात आले, आणि १७०३ साली प्लुमिएच्या स्वतःच्या पुस्तकात. पुढच्याच वर्षी, १७०४ मध्ये, दक्षिण अमेरिकेच्या नव्या प्रवासाला निघण्याच्या तयारीत असताना स्पेनच्या एका बंदरात तो वारला.

स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली साऱ्या झाडांना दोन-दोन शब्दांची नावे देण्याची रीत पक्की केली, तेव्हा त्याने बेगोनिया हे नाव तसेच ठेवले. त्या ग्रंथात त्याने एकच बेगोनिया घेतला आणि त्याला ‘ओब्लिक्वा’ म्हटले. लॅटिनमध्ये ओब्लिक्वा म्हणजे तिरपी. ज्या खुणेने आपण पान ओळखले, तीच खूण त्याने नावात घातली.

ही दोन शब्दांची रीत शाळेच्या हजेरीपटासारखी आहे. आधी आडनाव, मग नाव. बेगोनिया हे आडनाव, सगळ्या कुळाचे. क्रेनाटा हे त्या एकट्या जातीचे. क्रेनाटा म्हणजे कडेला गोल गोल कंगोरे असलेली. करवतीचे दात नव्हेत, करंजीला मुरड घातल्यावर काठ दिसतो तसे. हे नाव जोनास ड्रायँडर याने दिले. हाही स्वीडनचा, लंडनमध्ये सर जोसेफ बँक्स यांच्या ग्रंथालयाचा सांभाळ करणारा. लिनियन सोसायटीच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १७९१ साली निघाला, त्यात त्याने बेगोनियाच्या जातींची छाननी केली, आणि तेथे आपल्या कातळावरच्या रोपाला हे नाव मिळाले. वाळवलेल्या, कागदावर चिकटवलेल्या नमुन्यावरून नाव ठेवले गेले. सह्याद्रीचा पाऊस नाव ठेवणाराने पाहिलेला नव्हता.

एका चाफ्याची पाच घरे

कोणी म्हणेल, आपल्याला आपली नावे आहेत, ही लॅटिन उठाठेव कशाला? त्याचे उत्तर आपल्या अंगणातच आहे. चाफा घ्या. सोनचाफा, पांढरा चाफा, हिरवा चाफा, नागचाफा, भुईचाफा. नावे ऐकून वाटते पाच भाऊ. प्रत्यक्षात पाचांची कुळे निरनिराळी. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, भुईचाफा हळदीच्या कुळातला, पांढरा चाफा कण्हेरीच्या कुळातला. उलट एकाच झाडाला दहा नावे. पावसाळ्यात रस्त्याकडेला माजणारा टाकळा विदर्भात तरोटा होतो. गाजर गवत आणि काँग्रेस गवत एकच, आणि ते गवत तर मुळीच नाही. कोणी पत्र लिहून विचारले की अमुक पाला गुरांनी खाल्ला, तर उत्तर देणाऱ्याला झाड नेमके कोणते हे कळल्याशिवाय काय सांगता येईल? म्हणून साऱ्या जगाला समजेल असे एक नाव लागते. ते गावच्या नावाच्या जागी आलेले नसते. ते त्याच्या जोडीला असते.

आणि चाफ्याचा विषय निघालाच आहे तर एक नवल ऐका. देवळापुढच्या पांढऱ्या चाफ्याचे शास्त्रीय आडनाव आहे प्लुमेरिया. कोणावरून? त्याच प्लुमिए साधूवरून! हे झाड मूळचे अमेरिकेकडचे. आपल्याकडे येऊन इतके रुळले की त्याच्यावाचून देवळाचे आवार ओकेबोके वाटावे. कवठी चाफ्याचे आडनाव मॅग्नोलिया. ते नाव प्लुमिएने मान्योल नावाच्या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञावरून ठेवले. आपला सोनचाफा पूर्वी मिशेलिया म्हणवला जाई, आता अभ्यासकांनी त्यालाही मॅग्नोलियातच घेतले आहे. म्हणजे आपल्या बायका ज्या फुलांच्या वेण्या करतात आणि जी फुले देवाला वाहतात, त्यांच्या शास्त्रीय नावांत तीनशे वर्षांपूर्वीच्या एका परदेशी संन्याशाचा हात आहे.

छापील ग्रंथातले आपले नाव

पण सगळी नावे परक्यांनीच ठेवली असेही नाही. केरळात कोचीन येथे सतराव्या शतकात डच लोकांचा अंमल होता. त्यांचा गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने मलबारच्या झाडांचा प्रचंड ग्रंथ तयार करवला. ‘होर्टस मलबारिकस’ त्याचे नाव. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला त्याचे १२ खंड छापले गेले. झाडांची माहिती सांगितली येथल्या वैद्यांनी. त्यात इट्टी अच्युतन नावाचे मलयाळी वैद्य होते, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. आम्ही ही माहिती दिली व ती खरी आहे, अशा आशयाची या तिघांची ग्वाही कोकणी भाषेत आणि नागरी अक्षरांत पहिल्या खंडात छापलेली आहे. गोव्याच्या बाजूने दक्षिणेकडे गेलेल्या लोकांची भाषा त्या डच ग्रंथात अशी उमटून राहिली.

त्या ग्रंथाच्या नवव्या खंडात मलबारी बेगोनियाचे चित्र आहे. नाव काय दिले आहे? तर ‘चेरिय नारिनंपुळी’, तेथल्या माणसांच्या तोंडातले. मलयाळम भाषेत चेरिय म्हणजे लहान आणि पुळी म्हणजे आंबट, चिंचही. म्हणजे ज्यांनी ते झाड पिढ्यानपिढ्या पाहिले, चाखले, औषधाला वापरले, त्यांनी त्याच्या चवीवरून नाव ठेवले. आणि हे नाव छापले गेले तेव्हा बेगोनिया हा शब्द अजून छापखान्यात पोचायचा होता. पुढे १७८५ साली फ्रेंच पंडित लामार्कने त्याच झाडाला बेगोनिया मलबारिका म्हटले. आंबटपणा नावातून गेला, मलबार तेवढे राहिले. इट्टी अच्युतन व इतरांची नावे अभ्यासकांना ठाऊक होती, पण हा लॅटिन ग्रंथ सामान्य वाचकाला वाचता येईल अशा रूपात फार उशिरा आला. केरळचे वनस्पतितज्ज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातील कित्येक वर्षे घालून त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि केरळ विद्यापीठाने ते २००३ साली प्रसिद्ध केले.

नाव ठेवलेल्या माणसाचे काय?

आता एक अडचणीची गोष्टही सांगितली पाहिजे. १६८५ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईने गुलामांविषयीचा कायदा काढला. गुलाम म्हणजे मालकाची जंगम मालमत्ता, पळून गेल्यास कान कापावेत, डाग द्यावेत, असली कलमे त्यात होती. तो कायदा रचताना बेटांवरच्या अधिकाऱ्यांकडून अहवाल मागवले होते, आणि ते अहवाल लिहिणारांत मिशेल बेगों होता. विद्येचा चाहता आणि गुलामीच्या कायद्याला हातभार लावणारा, दोन्ही एकच माणूस. आपल्या दरडीवरच्या निरागस फुलावर त्याच्या नावाची चिठ्ठी आहे.

मग नाव बदलावे काय? वनस्पतिशास्त्रात नाव सहजासहजी बदलत नाही. जे नियमाने आधी छापले गेले तेच चालते; नाहीतर रोज नवा घोळ. सातबाऱ्यावरचे नाव कोणाला आवडले नाही म्हणून बदलत नाही, तसेच. पण नियमही माणसेच करतात. २०२४ साली स्पेनमध्ये माद्रिद येथे वनस्पतितज्ज्ञांची जागतिक परिषद भरली, तेव्हा एक ठराव झाला. ‘काफ्रा’ हा आफ्रिकेतल्या काळ्या लोकांना हिणवणारा शब्द दोनशेहून अधिक जातींच्या नावांत होता. तो काढून ‘आफ्रा’ करावा, असे मताने ठरले. आपल्या पांगाऱ्याचा आफ्रिकेतला एक भाऊबंद आहे, त्याच्याही नावातला शब्द त्यात आला. माणसांच्या नावावरून ठेवलेली जुनी नावे मात्र तशीच आहेत. बेगोनिया बेगोनियाच राहिला.

आमचे मत विचाराल तर, जगाच्या वहीतले नाव आता बदलणे कठीण आहे, आणि बदलले तरी त्याने आपले फारसे भागत नाही. आपली खरी हानी दुसरीकडे होते आहे. रानात गुरे वळणाऱ्या म्हाताऱ्याला ज्या शंभर झाडांची नावे येतात, त्यांतली त्याच्या मुलाला चाळीस येतात आणि नातवाला दहा. बेगोचे नाव ग्रंथात पक्के आहे, ते कुठे जात नाही. तुमच्या आजीच्या तोंडातले नाव कोठेच लिहिलेले नाही. ती गेली की तेही गेले.

गावच्या वहीत नोंद करा

यावर करण्यासारखे काम आहे आणि त्याला कायद्याचा आधारही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, आणि तिने गावातील झाडे, पिकांची वाणे, जनावरे व त्यांविषयीची लोकांची माहिती एका नोंदवहीत लिहावयाची असते. पुष्कळ गावी ही वही तयार झालेली आहे, पण ती कोणी उघडून पाहिली आहे का? ग्रामसभेत विचारा. त्यात आपल्या भागातले बोलीतले नाव आहे की नुसती पुस्तकातून उतरलेली यादी आहे, ते पाहा.

घरच्या शाळकरी मुलांनाही हे काम देता येईल. साध्या वहीत पाच रकाने आखावेत : गावात म्हणतात ते नाव, कोठे उगवते, कोणत्या महिन्यात दिसते, फुलते, कशाला उपयोगी पडते, आणि ही माहिती कोणी सांगितली. शेवटचा रकाना कोणी गाळू नये. व्हान ऱ्हीडने सांगणारांची नावे छापली म्हणून तर आज साडेतीनशे वर्षांनी रंगभट आणि इट्टी अच्युतन आपल्याला माहीत आहेत. मात्र ज्याने सांगितले त्याला विचारूनच त्याचे नाव लिहावे, आणि घराण्याचे गुप्त औषध सांगायची कोणाची इच्छा नसेल तर आग्रह धरू नये.

हौशी बायकांसाठी : पानापासून रोप

दरडीवरचा बेगोनिया उपटून घरी आणू नये. कपारीतला झिरपा आणि घाटातले धुके डब्यात मिळत नाही. रोप चार दिवसांत मान टाकते आणि दरडही ओकी होते. हौस असेल तर रोपवाटिकेतला रेक्स बेगोनिया आणावा. रेक्स म्हणजे राजा. हा मूळचा आसामकडचा. तेथून ऑर्किडची झाडे विलायतेला गेली, त्यांच्यासोबत हा न बोलावता गेला, आणि १८५७ साली बेल्जियममध्ये त्याला हे नाव मिळाले. आज कुंड्यांतून दिसणाऱ्या रंगीत पानांच्या पुष्कळ प्रकारांत त्याचे रक्त आहे.

याची रोपे पानापासून होतात. जून ते ऑगस्ट हा काळ चांगला. निरोगी, पुरते वाढलेले एक पान देठासकट घ्यावे. देठ बोटाच्या पेराएवढा ठेवून बाकी कापावा. पान उलटे करून जाड शिरांवर, त्यांचे फाटे फुटतात तेथे, स्वच्छ पात्याने चारपाच ठिकाणी चिरा द्याव्यात. पसरट डब्याला तळाशी भोके पाडून त्यात धुतलेली वाळू आणि चांगला कुजलेला पाचोळा निम्मे निम्मे भरावे व ओले करावे. पान सुलटे करून त्यावर ठेवावे, देठ वाळूत खोचावा, चिरांच्या जागी लहान खडे ठेवून पान वाळूला चिकटलेले राहील असे करावे. वरून काच किंवा प्लॅस्टिकचा कागद घालून डबा सावलीत ठेवावा. रोज एकदा कागद उचलून वारा लागू द्यावा. पाणी बेताने शिंपडावे, नुसते चिंब केले तर पान कुजते. महिना-दीड महिन्यात चिरांपाशी इवली रोपे फुटतात. त्यांना दोनतीन पाने आली की वेगळी करून लहान कुंडीत लावावीत. कुंडीत पाचोळ्याचे खत भरपूर असावे, दुपारचे ऊन लागू नये, आणि पाणी पानांवर न घालता बुडाशी घालावे.

या श्रावणात मुलांना घेऊन जवळच्या ओल्या दरडीपर्यंत जाऊन या. पान दुमडून पाहा, फुलांतले नर-मादी ओळखा, आणि घरी आल्यावर घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा, आपल्याकडे याला काय म्हणतात. उत्तर मिळाले की त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवा. आम्हालाही पोस्टकार्डावर कळवा. कोणत्या तालुक्यातले नाव ते मात्र लिहायला विसरू नका. आलेली नावे याच सदरात सांगणारांच्या नावासह देऊ.